मुंग्या आल्या म्हणजे दम भरला का?

पत्र: डॉक्टर, आमचं घर मालवण तालुक्यात, अगदी दर्याला लागून. घरी होडी आहे. माझा मुलगा यंदा बारावी झाला. तो नि त्याचे मित्र ओहोटीला खडपावर शिनाणे, कालवं असले शिंपले काढायला जातात. हल्ली त्यांच्यात चुरस लागते, कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो त्याची. बुडी मारायच्या आधी हा भराभर वीसेक मोठे श्वास घेतो. हातापायांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं की म्हणतो, आता फुप्फुसं टम्म भरली. मग बुडी मारतो. त्याचा मामा म्हणतो हा प्राणायामच आहे. गेल्या आठवड्यात पाण्याबाहेर डोकं काढल्यावर त्याने मान टाकली. मित्रांनी धरला म्हणून बरं. दोन-तीन सेकंद कोणाला ओळखेना, मग हसायला लागला. मला हे शेजारच्या मुलाकडून कळलं. सासूबाई म्हणतात, ‘तेका काय होवचा नाय, आमच्या घराण्याचो दम मोठो.’ मामाने त्याला वायरिंगचा एक लांब पाइपही आणून दिलाय, तळाशी बसून श्वास घ्यायला. लहानपणी त्याला दमा होता, पंप घ्यायचा. सातवीनंतर सुटला. आता तारकर्लीला स्कुबाचं, म्हणजे हवेची टाकी लावून बुडी मारायचं काम शिकायचं म्हणतो. नुसतं ‘जाऊ नको’ म्हटलेलं तो ऐकणार नाही. असं का होतं ते मला नीट सांगा, म्हणजे मी त्याला सांगेन.
– एक आई

ताई,

आधी तातडीचं सांगते. मान टाकणं आणि माणसं न ओळखणं याला आम्ही बेशुद्धीच म्हणतो, मग ती दोन सेकंदांची का असेना. मित्र हाताच्या अंतरावर नसते तर तुम्ही हे पत्र वेगळं लिहिलं असतं. डॉक्टरांनी तपासेपर्यंत त्याची बुडी बंद. भराभर श्वास घेऊन मारलेली बुडी मात्र कायमची बंद, तपासणीत सगळं चांगलं निघालं तरीही.

आता कारण. ते सांगितल्याशिवाय अठरा वर्षांचा मुलगा ऐकत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं.

आपण श्वास ‘घेतो’ म्हणतो, पण फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. त्यांना ओढून फुगवील असा स्नायू त्यांच्यात नाही. काम करतं ते छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल. हा घुमटासारखा वर उचललेला स्नायू आहे. तो आकसला की सपाट होऊन खाली सरकतो, बरगड्या वर आणि बाहेर जातात, छातीची पोकळी वाढते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत येते. स्नायू सैल पडला की फुप्फुसं आपल्या लवचीकपणाने आकसतात आणि हवा बाहेर जाते. शांत बसलेल्या माणसात हे मिनिटाला बारा ते सोळा वेळा होतं आणि दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा ये-जा करते.

ती हवा नाकात गरम आणि ओलसर होते, श्वासनळीतून खाली उतरते. नळीचे दोन फाटे, त्यांचे आणखी दोन, असे तेवीसेक वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी वायुकोश येतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून हे वायुकोश सुमारे 48 कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर 70 चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील. त्यांची भिंत इतकी पातळ असते की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. ऑक्सिजन हवेतून रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो. आत जाणाऱ्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. उच्छ्वासाच्या हवेतही तो 16 टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आत येताना जवळजवळ नसतोच (0.04 टक्के) आणि बाहेर जाताना 4 टक्के झालेला असतो.

इथवर शाळेच्या पुस्तकात असतंच. तुमच्या मुलाची चूक यापुढे आहे.

कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तुमच्याकडे किंवा शेजारी कुठेतरी कपाटात पडलेलं असेल. सेल घाला. मुलाला खाटेवर निवांत बसवा, कसलेही मोठे श्वास घ्यायला लावू नका, आणि बोटाला लावा. 97 किंवा 98 दिसेल. तो आकडा म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन शंभरातलं किती ऑक्सिजनने भरलंय ते. मग त्याला एवढंच विचारा, ‘आता अजून भरायला जागा किती रे?’ दोन, फार तर तीन. वीस श्वास घेऊन तो जे भरतोय म्हणतो ते हेच दोन-तीन. फुप्फुसांतल्या हवेत थोडा ऑक्सिजन वाढतो, नाही असं नाही, पण त्यातून मिळणारा वेळ अगदी थोडा.

तरीही त्याला पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. खोटं बोलत नाही तो. मग कशामुळे?

श्वास रोखल्यावर छातीत जी कळवळ सुटते, ‘आता वर गेलंच पाहिजे’ असं जे वाटतं, ते मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे वाटत नाही. कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे वाटतं. मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते तिथे, श्वासाचं नियंत्रण करणारा भाग आहे, आणि त्याचं लक्ष सतत कार्बन डायऑक्साइडवर असतं. जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी 1905 मध्ये हे दाखवून दिलं की रोजच्या श्वासाचा वेग ठरतो तो वायुकोशांतल्या कार्बन डायऑक्साइडवर. (याच हाल्डेननी पुढे 1908 मध्ये खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसांनी किती सावकाश वर यायचं त्याची कोष्टकं दिली.) ऑक्सिजन मोजणारी छोटी केंद्रं मानेतल्या धमन्यांपाशीही आहेत, पण ती ऑक्सिजन बराच खाली आल्यावरच जोरात ओरडतात.

भराभर वीस श्वास घेतल्यावर शरीरातून काय जातं? कार्बन डायऑक्साइड. तो नेहमीच्या पातळीच्या खूप खाली जातो. आता बुडी मारली की तो पुन्हा वर चढून धोक्याची सूचना देईपर्यंत खूप वेळ लागतो, आणि तोवर ऑक्सिजन त्याच्या ठरलेल्या गतीने संपत असतो. निवांत पडलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. खडपावरून शिनाणे उपटणारा याच्या कितीतरी पट. ऑक्सिजन संपायला येतो तरी मुलाला काहीच वाटत नसतं, उलट छान वाटत असतं. स्कूटरच्या पेट्रोलचा काटा बोटाने ‘फुल’वर सरकवून टाकी भरत नाही. तो नेमकं हेच करतोय. फरक एवढाच की स्कूटर रस्त्याच्या कडेला बंद पडते.

आणि त्या मुंग्या. त्याला हे जरूर सांगा, कारण त्या मुंग्यांवर त्याचा सगळा भरवसा आहे. कार्बन डायऑक्साइड एकदम घटला की रक्ताचा आम्लपणा कमी होतो, त्यामुळे नसा उगाच उत्तेजित होतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. डोकं हलकं होतं ते मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. म्हणजे ज्या क्षणी त्याला वाटतं की भरपूर ऑक्सिजन मिळाला, त्या क्षणी मेंदूला रक्तच नेहमीपेक्षा कमी पोचत असतं. बुडी मारायला याहून वाईट मुहूर्त नाही.

मग शुद्ध खाली हरपायच्या ऐवजी वर आल्यावर का हरपली? यालाही कारण आहे. तुमच्याकडे खोली वावांत मोजतात. साडेपाच वाव, म्हणजे सुमारे 10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. त्या दाबामुळे फुप्फुसांत उरलेला थोडा ऑक्सिजनही रक्तात ढकलला जातो, म्हणून खाली असताना बरं चालतं. वर येताना दाब झपाट्याने उतरतो, त्याबरोबर ऑक्सिजनचा जोरही उतरतो, आणि शेवटच्या दोन-तीन वावांत तो इतका पडतो की मेंदूला पुरत नाही. खडपावर तो दहा मीटर जात नसेल, पण आधीच्या तुलनेत दाब कमी होण्याचं प्रमाण पृष्ठभागाजवळच सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे उथळ पाण्यातही हे होतं. शिवाय वर येऊन पहिला श्वास घेतला तरी तो ऑक्सिजन छातीतून हृदयात आणि तिथून मेंदूत जायला काही सेकंद लागतात. या सेकंदांतच तुमच्या मुलाची मान पडली. शुद्ध जाण्याआधी हातपाय मारणं, गटांगळ्या खाणं असं काही दिसत नाही, हे यातलं सगळ्यात भयंकर. शेजारी असलेल्यालाही वाटतं की हा पाण्यात गप्प पडलाय, मजा करतोय.

मामांचा हेतू चांगला असेल, याबद्दल मला शंका नाही. चटईवर बसून भस्त्रिका, म्हणजे भराभर श्वासांचा प्राणायाम करणाऱ्याला भोवळ आली तर तो आडवा होतो, दोन मिनिटांनी उठतो. तीच भोवळ पाण्यात आली तर उठायला मिळत नाही. प्राणायामाशी माझं भांडण नाही. त्याची जागा जमिनीवर, एवढंच.

सासूबाईंचं म्हणणं एका अर्थाने अगदीच टाकाऊ नाही, हेही कबूल करते. इंडोनेशियातले बजाऊ लोक पिढ्यानपिढ्या बुड्या मारून जगत आले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असणारा अवयव) शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा सुमारे 50 टक्के मोठी आढळली. बुडी मारल्यावर प्लीहा आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते, म्हणजे थोडा जास्तीचा ऑक्सिजन मिळतो. घराण्याचा दम म्हणायचं तर हा. पण प्लीहा कितीही मोठी असली तरी कार्बन डायऑक्साइड आधीच उडवून दिला तर सूचना उशिराच मिळणार. तिथे घराणं कामाला येत नाही. सासूबाईंना एवढंच सांगा की जुन्या बुडी मारणाऱ्यांचा दम मोठा होता आणि दम लागला की ते वर येत होते.

आता तो पाइप. तो आजच वायरमनला परत द्या.

कारणं दोन. सव्वा इंचाचा पाइप असेल तर तो आणखी वाईट, पण आपण दोन सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, दोन मीटर लांबीचा धरू. त्यात सव्वासहाशे मिलिलिटर हवा मावते. नेहमीचा श्वास अर्ध्या लिटरचा. म्हणजे तो सोडलेला श्वास पाइपातच राहतो आणि पुढच्या खेपेला तोच परत आत ओढला जातो. ताजी हवा पाइपाच्या वरच्या टोकालाच घुटमळते. दुसरं कारण त्याहून मोठं. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅमचा जादा भार येतो. हाताचे दोन पंजे झाकतील एवढ्या जागेवर हा भार तीसेक किलो होतो, आणि छाती त्याहून कितीतरी मोठी. तो भार उचलून बरगड्या फुलवायच्या आणि पाइपातून साध्या दाबाची हवा आत ओढायची, हे धडधाकट माणसाचं श्वासपटलही फार तर एखाद-दुसऱ्या श्वासापुरतं करू शकतं. स्नॉर्कलची नळी हातभरसुद्धा नसते ती याच कारणाने, कंपनीने प्लास्टिक वाचवलं म्हणून नव्हे. पपईच्या देठाने विहिरीत गंमत करणारी पोरं वाचतात, कारण देठ आखूड असतो.

स्कुबाचं काम याहून वेगळं आहे आणि त्याने ते शिकावं असं मला मनापासून वाटतं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे, तिथे रीतसर शिकवतात. स्कुबाच्या टाकीवरचं रेग्युलेटर ज्या खोलीवर माणूस असेल त्या खोलीच्या दाबाने हवा देतं, म्हणून छाती सहज फुलते. मात्र त्यातून नवाच धोका तयार होतो. दहा मीटरवर पाच लिटर हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलं तर वर पोचेपर्यंत ती दहा लिटर व्हायला बघते. बॉईलने 1662 मध्ये मांडलेला हा नियम, दाब निम्मा तर आकारमान दुप्पट. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. दोन मीटरवरून वर येतानाही हे होऊ शकतं. नुसती बुडी मारणाऱ्याला ही भीती नसते, कारण त्याने वरूनच नेलेली हवा खाली आकसते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. म्हणून स्कुबात पहिला धडा असतो तो श्वास कधीही न रोखण्याचा. वर्षानुवर्षं श्वास रोखण्याची चुरस लावलेल्या मुलाला हा धडा इतरांपेक्षा जड जाईल, हे त्याच्या शिक्षकांच्या कानावर घाला.

इथेच दम्याचा प्रश्न येतो. दम्यात बारीक श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. हवा आत जाते पण बाहेर यायला अडखळते, म्हणूनच श्वास सोडताना सूंसूं आवाज येतो. पाण्याखाली अशी एखादी नलिका बंद पडली तर तिच्या पलीकडे अडकलेली हवा वर येताना फुगते आणि जायला वाट नसते. टाकीतली हवा कोरडी आणि थंड असते, तीही नलिका आवळायला पुरेशी. शिवाय ‘सुटला’ म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल. लहानपणचा दमा वयात येताना मागे पडतो, हे बऱ्याच मुलांत होतं, पण काहींत तो पुढे परततो. खळ्यातल्या धुळीत किंवा पावसाळ्यात घरात बुरशी चढल्यावर त्याला खोकला येतो का, धावल्यावर छाती आवळते का, रात्री तीन-चारला उठून बसतो का, हे तुम्हाला ठाऊक असणार. तो डॉक्टरांना ‘काही होत नाही’ म्हणेल. तुम्ही सोबत जा.

छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मालवणात सोय नसेल तर कुडाळ किंवा ओरोसला चौकशी करा. स्पायरोमेट्री करायला सांगा. ते यंत्र पहिल्या सेकंदात किती हवा जोराने बाहेर पडते ते मोजतं, आणि व्यायामानंतर ते पुन्हा केलं तर दडलेला दमाही उघडा पडतो. त्याच भेटीत ईसीजी काढून घ्या. मान टाकण्याचं कारण बहुधा मी वर सांगितलं तेच असेल, पण फिट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष नाही ना, हे एकदा पाहायलाच हवं. अहवाल चांगले आले आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली तर स्कुबा शिकायला हरकत नसावी. प्रवेशाच्या फॉर्मवर दम्याचा रकाना असतो. तो ‘नाही’ म्हणून भरून मोकळं होण्याचा मोह होईल, मित्रही तोच सल्ला देतील. दमा होता, कधी सुटला, शेवटचा पंप कधी घेतला, हे खरं लिहायचं.

आणि मित्रांसाठी. कालवं काढणं ही पोरं थांबवणार नाहीत हे मलाही कळतं. तेव्हा एकाने खाली जायचं, एकाने वर राहून त्याच्यावरच नजर ठेवायची, दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. वर आलेल्याला पुढची तीस सेकंदं सोडायचं नाही, तो हसत असला तरी. बुडीआधी दोन-तीन शांत, नेहमीचे श्वास पुरे. वर आल्यावर खाली घालवला त्याच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती. आणि घड्याळ लावायचं नाही. चुरस लावायचीच तर कोणी किती शिनाणे आणले त्याची लावा.

समजा कोणी पाण्यात बेशुद्ध पडलाच, तर तोंड पाण्याबाहेर ठेवून आधी किनाऱ्यावर आणा. आपल्याकडे अजूनही पोट दाबतात, पाय धरून उलटं करतात, गरागरा फिरवतात. यातलं काहीही करू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी, अन्न श्वासनळीत उतरतं. श्वास चालू नसेल तर पाठीवर निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या, छाती वर उठते का बघा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी तीस दाब, पुन्हा दोन श्वास, मदत येईपर्यंत. बुडालेल्याला तोंडाने श्वास देणं फार महत्त्वाचं, कारण त्याचं हृदय थांबतं ते ऑक्सिजनवाचून. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करायचा. तो शुद्धीवर येऊन ‘मी बराय’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचाच. फुप्फुसात गेलेलं थोडं पाणीही काही तासांनी त्रास देऊ शकतं. हे नुसतं वाचून हाताला येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, पाच-सहा पोरं एकत्र आली तर कोणीतरी तासभर बसून करून दाखवेल.

तपासणीला जाताना लहानपणचे कागद सापडले तर घेऊन जा, जुना पंपही असेल तर न्या. त्याच्यावरच्या नावावरून कोणतं औषध चालू होतं ते लगेच कळतं. आदल्या रात्री त्याला भरपूर झोपू द्या. स्पायरोमेट्रीत जीव तोडून फुंकावं लागतं, आणि ते अर्धवट फुंकलं तर पुन्हा सगळं करायला लावतात.